गुरुद्वाऱ्यासमोरची खानावळ

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. सगळी गल्ली त्याला नाकशेट म्हणायची. नाक काही फार मोठं नव्हतं, पण ते सरळ असलेलं कधी कोणी पाहिलं नव्हतं. शेजारच्याच्या घराला नवा रंग लागला की नाकशेटचं नाक मुरडलं. कोणाच्या पोराला नोकरी लागली की मुरडलं. त्याच पोराची नोकरी गेली की ‘मी म्हटलंच होतं’ म्हणून ते जरासं फुगायचं, एवढाच काय तो फरक. काही माणसं जन्मताना रडण्याऐवजी ‘हे काय हॉस्पिटल आहे?’ असं विचारत बाहेर येतात, त्यांतला हा एक.

धंदा खानावळीचा. आता ज्याला माणूस पोटभर जेवलेला बघवत नाही, त्यानं खानावळ का चालवावी? पण नशीब असल्या थट्टा करतं खरं. दुकान चिंचोळं, टेबलांचा सनमायका कडेनं उडालेला, आणि पंख्याचं बटण गल्ल्याच्या बाजूला, नाकशेटच्या हाताशी. गिऱ्हाइकाचा शेवटचा घास तोंडात जायच्या आत पंखा बंद व्हायचा. वाढायला तो स्वतः फिरायचा, कारण दुसऱ्याच्या हातावर त्याचा विश्वास नव्हता. वाढताना माणसाच्या तोंडाकडे बघायची त्याला सवयच नव्हती. नजर सरळ ताटात. ताटात काय उरलंय, डाळ आधी संपवली की भात, पुन्हा मागणार की नाही, हे त्याला दुरून कळायचं. कोणी दुसऱ्यांदा डाळ मागितली की डाळीआधी टोमणा वाढला जायचा. ‘घ्या, घ्या, घरी काही मिळत नसेल,’ असा. लोक हसण्यावारी न्यायचे. दुपारच्या वेळी आसपास दुसरं काही नव्हतं, आणि अडला हरी गाढवाचे पाय धरी.

दुसरं काही नव्हतं म्हणजे, पैसे देऊन जेवायचं दुसरं काही नव्हतं. कारण रस्त्याच्या पलीकडे, अगदी दारासमोर दार, गुरुद्वारा होता.

पांढरी इमारत, रोज धुतलेल्या पायऱ्या, दाराशी पाय धुवायला वाहतं पाणी, आणि मागच्या मोठ्या दालनात लंगर. म्हणजे सकाळपासून चूल पेटलेली आणि पंगत बसलेली. कोण, कुठला, कशाला आलास, असं विचारणारं कोणी नाही. डोकं झाका, चपला काढा, जमिनीवर बसा, जेवा. बांधकामावरचे मजूर यायचे, खोल्या करून राहणारे विद्यार्थी यायचे, हॉस्पिटलात रात्र काढलेले पेशंटचे नातेवाईक यायचे, आणि पगार झालेला असूनही नुसतं चार माणसांत बसावंसं वाटलं म्हणून येणारे कारकूनही यायचे. नाकशेटच्या भाषेत हे सगळे एकाच नावाचे होते : फुकटे.

‘फुकट ते पौष्टिक!’ तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. ‘त्या डाळीत पाणी किती असतं ते विचारा जरा. माणसाला आयतं मिळालं की हातपाय हलत नाहीत. आळशांचा कारखाना काढलाय समोर.’ स्वतः तो त्या दारातून एकदाही आत गेला नव्हता. न चाखता चव सांगणारा आचारी साऱ्या गल्लीत हाच एक.

आणि उपकाराची फेड कशी करावी हे तर त्याच्याकडून शिकावं. एकदा गल्लीतली पाण्याची लाइन फुटली, तेव्हा गुरुद्वाऱ्यानं आपला नळ रस्त्यावर काढून दिला. सगळ्यांनी पाणी भरलं. नाकशेटनं सगळ्यांत मोठी पिंपं आणली आणि भरून झाल्यावर म्हणाला, ‘धार फारच बारीक आहे हो.’ पुढे कधीतरी त्याच्या स्वयंपाकघरात वायर जळून धूर झाला, तर समोरून चौघे जण पगड्या सांभाळत, वाळूच्या बादल्या घेऊन धावत आले आणि दोन मिनिटांत आग विझवली. त्यांची पाठ वळल्यावर हा म्हणतो काय, ‘पिठात वाळू सांडून गेले!’ आता अशा माणसाला काय म्हणावं? म्हणण्यासारखं सगळं गल्लीनं आधीच म्हणून ठेवलं होतं.

या नाकशेटला एक वडील होते. खरं म्हणजे खानावळ त्यांचीच. तरुणपणी त्यांनी याच जागी हातगाडी लावली होती. गाडीची टपरी झाली, टपरीची खानावळ झाली, ती म्हाताऱ्याच्या हाताच्या चवीवर. पण त्या हाताला एक वाईट खोड होती, निदान मुलाच्या मते. हात सैल होता. माणूस ‘पुरे’ म्हणाला की म्हातारा आणखी एक डाव वाढायचा आणि वर ‘अरे, खा रे, तरुण आहेस’ म्हणायचा. कारभार मुलाच्या हातात आला आणि पहिल्याच आठवड्यात डाव जाऊन पळी आली. मग म्हाताऱ्याला वाढण्यावरून काढलं. मग ‘तुम्हाला आता धूर सोसत नाही’ म्हणत चुलीवरून काढलं. धूर म्हाताऱ्याला जन्मभर सोसला होता. मुलाला सोसत नव्हता तो त्यांचा हात.

मग म्हाताऱ्याला काम उरलं एकच, जेवणं. आणि त्याच कामात मुलगा बोलून दाखवू लागला. दुपारची गर्दी ओसरली की मोरीजवळच्या टेबलावर म्हाताऱ्याचं ताट मांडायचं. ताटात भाजी कमी, टोमणे जास्त. एक दिवस गर्दी असतानाच म्हातारा वरच्या घरातून खाली येऊन बसला. पोटात कावळे ओरडत होते, दुसरं काय! भरल्या दुकानात नाकशेटचा आवाज चढला.

‘अरे, बाबांना आधी वाढायला हवं! नाहीतर गावभर सांगतील, पोरगा उपाशी ठेवतो म्हणून. कमवायचं नाही, धमवायचं नाही, त्यामुळे भूक कशी वेळेवर लागते बघा.’

गिऱ्हाइकं हसली. काही हसली नाहीत, त्यांनी ताटात माना घातल्या. म्हाताऱ्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला, मोरीवर जाऊन हात धुतले आणि जिना चढून वर गेला. त्यानंतर सकाळीच तो म्हणायचा, ‘माझं ताट नको, भूक नाही रे,’ आणि पाय मोकळे करायला बाहेर पडायचा. रात्री कपभर दूध घेऊन झोपायचा.

दुसऱ्या कोणाला काळजी वाटली असती. नाकशेट बायकोला म्हणाला, ‘वय झालं. आहार कमी होणारच. बरंच आहे, पोट हलकं राहतं.’ यावर बायकोनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं एखादं भांडं करपलं असतं तर ते घासूनही निघालं नसतं. पण नाकशेट माणसांच्या तोंडाकडे बघतो कुठे!

बातमी फोडली ती कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मेकॅनिकनं. हा रोजचं गिऱ्हाईक आणि नाकशेटचे टोमणे व्याजासकट परत करणारा एकमेव माणूस. त्या दिवशी त्यानं दुसऱ्यांदा डाळ मागितली आणि नाकशेटनं पळी हवेतच थांबवली.

‘काय हो, गॅरेजात गाड्या खाली झोपून दुरुस्त करता की उचलून? एवढी भूक?’

‘शेट,’ मेकॅनिक शांतपणे म्हणाला, ‘तुमच्या दुकानातलं तुमचे वडील खात नाहीत, तर आम्हीच खातोय हे उपकार माना.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे काय? रोज दुपारी समोर असतात. माझ्या गॅरेजातून दिसतं ना. सकाळीच जातात, चांगलं ऊन कललं की येतात. खानावळवाल्याचा बाप लंगरला! पाटी लावा तशी. गर्दी होईल.’

दुकान हसलं. या वेळी सगळंच्या सगळं हसलं. नाकशेटला घाम फुटला, आणि पंखा तर चालू होता.

तो तरातरा वर गेला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘बाबा समोर जेवायला जातात म्हणे. तुला माहीत होतं?’

‘होतं.’

‘आणि मला सांगितलं नाहीस?’

‘सांगून काय झालं असतं? त्यावरही एक टोमणा मारून मोकळे झाला असता.’ तिनं घडी खाली ठेवली. ‘तुम्हाला लाज कशाची वाटतेय हो? ते तिकडे जेवतात त्याची, की लोकांना कळलं त्याची?’

नाकशेटनं खिडकीतून गल्लीत कोण कोण आहे ते पाहिलं, म्हणजे उत्तर दिलं.

‘ऐका,’ ती म्हणाली. ‘ते रुसलेत. रुसलेलं माणूस म्हातारं असलं तरी एका हाकेची वाट बघत असतं. जा, त्यांच्यासमोर उभे राहा आणि म्हणा, बाबा, जेवायला चला. तेवढंच. पुढे एक अक्षर नाही, मागे एक अक्षर नाही. आज आले तर आले. आज तुम्ही तिथे जाऊन तोंड वाजवलंत, तर ते या घरात पुन्हा घास घेणार नाहीत. मी सांगते तुम्हाला. जमेल?’

‘मला काय कुक्कुलं बाळ समजलीस?’ नाकशेट म्हणाला आणि जिना उतरला.

रस्ता तो केवढासा! पण तेवढ्यात त्याच्या डोक्यात वाक्याला फांद्या फुटू लागल्या. नुसतं ‘बाबा, जेवायला चला’ म्हणजे अगदीच अळणी. ‘घरात काय कमी आहे?’ हे तरी जोडायला हवं. ‘चार लोकांत माझी शोभा केलीत’ हेही सांगायलाच हवं. गुरुद्वाऱ्याच्या पायरीपाशी पोचेस्तोवर वाक्याचं भाषण झालं होतं. बायकोचे शब्द आठवून त्यानं ते परत छाटलं. छाटताना त्याच्या जिवावर आलं.

चपला ठेवायच्या खोलीच्या खिडकीशी एक माणूस बसला होता. डोक्याला साधा रुमाल, मांडीवर फडकं. लोक चपला देत होते आणि हा पुसून फळीवर ठेवत होता. नाकशेटनं बूट पुढे केले आणि त्याचा हात आखडला. हे तर हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर! यांच्या दवाखान्यात नाकशेट खुर्चीच्या काठावर बसायचा आणि दहादा ‘साहेब’ म्हणायचा.

‘डॉक्टरसाहेब, तुम्ही? इथे?’ आणि मग मनातली खरी शंका त्यानं हळू आवाजात विचारली, ‘हॉस्पिटल सुटलं का?’

डॉक्टर हसले. ‘नाही, नाही. सुट्टीच्या दिवशी असतो इथे. द्या इकडे.’ त्यांनी बूट घेतले, तळव्याची माती पुसली आणि टोकन दिलं. त्या बुटांना अशी माणुसकी कधी भेटली नव्हती. नाकशेटनं मनात म्हटलं, रिकामटेकडे धंदे! एवढं शिकून शेवटी काय, तर चपला.

टोपलीतला एक भगवा रुमाल डोक्याला बांधून तो आत गेला. दालन लांबरुंद होतं. सतरंजीच्या लांब पट्ट्यांवर माणसं समोरासमोर बसलेली. सगळ्यांची डोकी झाकलेली, सगळ्यांपुढे खणांची स्टीलची ताटं. मजुराशेजारी इस्तरीचा शर्ट बसला होता आणि इस्तरीच्या शर्टाशेजारी लेकुरवाळी बाई. नाकशेटला हे दृश्य मुळीच आवडलं नाही. कोण मोठं, कोण छोटं हेच कळेना, मग नाक मुरडायचं कोणाकडे बघून? पार पलीकडे, खांबाजवळ त्याला म्हातारा दिसला. पाठ वाकलेली, पण मान ताठ. शेजारच्याशी काहीतरी बोलून हसत होता. म्हातारा हसतो हे नाकशेट विसरून गेला होता.

तो पंगतीच्या मधून पुढे जायला निघाला, तेवढ्यात एक उंचापुरा सरदारजी आडवा आला. पेशानं ट्रकवाला, खांदे दाराएवढे, हातात डाळीची बादली.

‘बसा जी.’

‘मी जेवायला आलो नाही,’ नाकशेट ताठ होत म्हणाला. फुकट्यांत आपली गणती व्हायला नको.

‘मग वाढायला आलात! छान. इथे दोनच जागा, एक बसणाऱ्याची, एक वाढणाऱ्याची. मधे उभं राहिलं की लोकांच्या ताटात पाय पडतो.’ आणि त्यानं बादली नाकशेटच्या हातात दिली. ‘या रांगेला दुसरी फेरी सुरू करा. मी रोट्या आणतो.’

नाकशेट ‘अहो, अहो’ म्हणेस्तोवर ट्रकवाला दिसेनासा झाला. मग नाकशेटनं हिशेब केला. वाईट नाही. रांग खांबापर्यंतच जाते. वाढत वाढत बाबांपाशी पोचायचं, खाली वाकायचं, कानात ते एक वाक्य सांगायचं, आणि बादली ठेवून बाहेर. कोणाला कळायचंही नाही.

बेत उत्तम होता. घोळ एवढाच झाला, की हातात डाव आला आणि नाकशेट कामाला लागला. त्याची नजर सवयीनं ताटात गेली ती तिथेच राहिली. बादलीत बघतो तर डाळ दाट, वर तुपाचा तवंग, लसणाची खरपूस फोडणी. काय ही उधळपट्टी! अशानं दुकान चार दिवसांत बसेल. डाव तर असा, की एका डावात त्याच्या खानावळीतली तीन माणसं जेवली असती. त्यानं मनगट जरा वळवून अर्धाच डाव सोडायला सुरुवात केली. कोण शिजवतं हे? कोणा सैल हाताच्या माणसाला चुलीशी बसवलंय यांनी? एक ताट, दुसरं ताट, तिसरं ताट. आपण इथे कशाला आलो हे तो साफ विसरून गेला. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

एका ताटात त्यानं अर्धा डाव घातला. ताट हललं नाही. त्यानं आणखी थेंबभर सोडली. तरी ताट तसंच पुढे, धरणारा हात सुरकुतलेला. नाकशेटचं टाळकं सटकलं आणि तोंड सुटलं.

‘किती ते, आजोबा! उद्याचंही आजच भरून ठेवायचंय का? फुकटचं आहे म्हणून काय पोट आपलं नाही?’

लंगरात आवाज असतात, ताटांचे, पावलांचे, ‘रोटी जी, डाळ जी’चे. ते त्या टोकाला एकदम थांबले. समोरच्या ओळीतल्या बाईचा घास हातातच राहिला. इतका वेळ उत्तर कसं आलं नाही म्हणून नाकशेटनं मान वर केली.

म्हातारा त्याच्याकडे बघत होता. रागानं बघत असता तर नाकशेटला सोपं गेलं असतं, रागाला उत्तर देता येतं. म्हातारा नुसता बघत होता. शेजारी बसलेला हमाल मात्र उसळला.

‘ओ भाऊ, तोंड सांभाळा! कोणाला बोलताय? सकाळपासून चुलीशी बसून यांनीच शिजवलीय ही डाळ. रोज शिजवतात. सगळ्यांना जेवू घालून शेवटच्या पंगतीला बसतात, आणि त्यांना तुम्ही फुकटचं म्हणून ऐकवता?’ मग म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, ‘बाबाजी, कोण आहे हा? तुमच्या ओळखीचा आहे का?’

नाकशेटचे ओठ हलले. बायकोनं पढवलेलं वाक्य घशापर्यंत आलं. पण ते बोलायचं म्हणजे आधी ‘बाबा’ म्हणावं लागणार, आणि ‘बाबा’ म्हटलं की त्या सगळ्या तोंडांना कळणार, की हा मुलगा. स्वतःच्या बापाला भरल्या पंगतीत फुकटा म्हणणारा मुलगा. त्यानं डाव बादलीत घातला आणि उगाचच डाळ ढवळली.

म्हाताऱ्यानं ताटावर आडवा पंजा धरला. पुरे, अशी खूण.

‘नाही रे, ओळखीचा नाही,’ तो हमालाला म्हणाला. ‘नवा वाढपी दिसतोय. पहिला दिवस असेल. शिकेल हळूहळू.’ आणि त्यानं रोटीचा तुकडा मोडून डाळीत बुडवला.

हमालाचा आवाज लगेच खाली आला. नव्या माणसाला सगळं माफ असतं. त्यानं स्वतःचं ताट पुढे केलं आणि म्हणाला, ‘वाढा मग. घाबरू नका. आणि डाव भरून घाला, इथे कोणी विचारत नाही.’

नाकशेटनं डाव भरून घातला. थोडी डाळ सतरंजीवर सांडली. रांग संपवून, बादली खांबापाशी ठेवून तो मागे न बघता बाहेर आला. डॉक्टरांनी बूट हातात दिले, तेही त्याला धड घालता येईनात.

दुकानातली गिऱ्हाइकं जेवून गेली होती आणि टेबलावर तीन ताटं मांडलेली होती. मोरीजवळच्या नव्हे, मधल्या टेबलावर. बायको जिन्याच्या पायऱ्यांशी उभी होती. तिनं त्याच्या मागे रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

‘म्हणालात?’

‘नाही.’ तो खुर्चीवर बसला. मग झालं ते सगळं त्यानं सांगितलं, डाळीचं, हमालाचं, स्वतःच्या तोंडून गेलं त्याचंही. एवढं सरळ बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाला, ‘सगळ्यांसमोर म्हणाले, ओळखीचा नाही. बापानं पोराला ओळख दाखवली नाही. एवढा कसला राग?’

‘राग?’ ती म्हणाली. ‘अहो, राग असता तर नाव सांगितलं असतं तुमचं. त्या हमालानं तिथल्या तिथे तुमची पूजा बांधली असती. तुमची अब्रू झाकली हो त्यांनी! तुम्ही त्यांची भरल्या दुकानात काढलीत, आणि त्यांनी तुमची झाकली.’

तिनं मांडलेल्या ताटांपैकी दोन उचलली आणि फळीवर ठेवून दिली. पदर डोक्यावरून घेतला, चपला पायात सरकवल्या.

‘कुठे निघालीस?’

‘सासऱ्यांबरोबर जेवायला. पंगत उठली नसेल अजून.’ दाराशी थांबून ती म्हणाली, ‘डाळ चुलीवर आहे. पळी तिथेच आहे. तुमचं तुम्ही वाढून घ्या.’

ती रस्ता ओलांडून गेली. नाकशेट बराच वेळ रिकाम्या ताटापुढे बसून राहिला, आणि दुकानात त्याला ‘घे’ म्हणणारं कोणी नव्हतं.